अब्ला इन्शिराहचं वर्तुळ

खडू हातात आला की अब्ला इन्शिराह आधी तो मधोमध मोडायच्या. अख्खा खडू किंचाळतो, म्हणायच्या.

वर्तुळ काढायला त्यांना कंपास लागत नसे. कोपर फळ्याला टेकवायच्या आणि हात फिरवायच्या. रेघ निघाली तिथेच परत येऊन मिळायची.

चहात साखर घालायच्या, पण ढवळायच्या नाहीत. शेवटचा घोट गोड लागावा म्हणून.

दार वाजलं की "कोण?" असं नाही, "किती जणी?" असं विचारायच्या.

चष्मा डोक्यावर ठेवून तो घरभर शोधायच्या, आणि सापडला की आपल्यालाच रागवायच्या.

प्रमेय संपलं की 'हेच सिद्ध करायचे होते' ही ओळ लिहायच्या, तिच्याखाली दोन रेघा ओढायच्या आणि हात झटकायच्या. त्यांनी हात झटकल्याशिवाय वर्गात कोणी वही मिटत नसे.

शाहिन्दाला हे सगळं पाठ होतं. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. शाळा सुटली तरी तिचं अब्लांच्या घरी जाणं सुटलं नाही. सुहाग शहरातल्या विद्यापीठात ती साहित्य शिकली. पदवी घेऊन आपल्या गावी, अखमीमला परत आली, तेव्हा गावात साहित्याचं कोणाला काही अडलेलं नव्हतं. मग ती रागिबमामाच्या, लग्नांचे व्हिडिओ करणाऱ्या स्टुडिओत बसू लागली.

तिथे मात्र तिच्यावाचून अडत होतं. लग्नात बायकांची बैठक वेगळी. तिथे कॅमेरा न्यायचा तर बाईनेच न्यायचा, आणि तो व्हिडिओ कापायचा-जोडायचा तोही बाईनेच. पुरुषाची नजर पडता कामा नये. रागिबमामाने दुकानात मधोमध पडदा लावला होता. पुढे तो पुरुषांची वरात जोडायचा, मागे शाहिन्दा बायकांची बैठक. नवरीच्या गालावरचा फोड घालवायचा, मावशीची हनुवटी आवळायची, सासूच्या कपाळावरची आठी पुसायची. तिचा हात चांगला होता. नवऱ्या खूश असत.

शाळा उघडल्यावर थोड्याच दिवसांनी अब्ला पडदा सारून आत आल्या.

"काय गं, नवरीच्या गालावरचा फोड घालवतेस म्हणे तू?"

"घालवते, अब्ला. नवरी कोण?"

"मीच."

पडद्यापलीकडून रागिबमामा ओरडला, "मुबारक, अब्ला! मटण कधी खाऊ घालताय?"

"तू आधी भागाकार करून दाखव रागिब, मग मटण. माझ्या ओट्यावर बसून रडायचास, विसरलास?"

अब्ला हसल्या. हसताना आवाज मध्येच तुटला. बरेच महिने त्यांचा आवाज घोगरा होता. खडूने होतं, म्हणायच्या. पेरूच्या पानांचा काढा प्यायच्या.

त्या स्टुलावर बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "मागच्या बाकांना माझं ऐकू जात नाही. मला व्हिडिओ करायला शिकव. कानाशी धरून ऐकतील."

"शिकवते की."

"घाई आहे. सुहागच्या डॉक्टरने घशात नळी घालून पाहिलं, गाठ निघाली. ते बोलण्याचं यंत्रच काढून टाकायचं म्हणतो. ते काढलं की बोलणं संपलं."

शाहिन्दाच्या हातात संगणकाचा माउस होता. तो तिने सोडला.

"कधी काढायचं?"

"तो म्हणतो लगेच. मी म्हटलं, वर्तुळ होऊ दे."

दुसऱ्या सहामाहीचं भूमितीचं पुस्तक अख्खं वर्तुळावर होतं. जीवा, कंस, चक्रीय चौकोन, स्पर्शिका. मुलींची त्याच वर्षी मोठी परीक्षा. त्यात गुण पडले तर पुढची चांगली शाळा, नाही तर शिवणकाम किंवा टंकलेखन, आणि मग लग्न. वर्तुळात मुली दरवर्षी बुडायच्या.

"अब्ला, वर्तुळ दुसरं कोणी शिकवेल."

"शिकवेल ना. पाठ करून घेईल." त्या उठल्या. "आणि रिफअतला एक अक्षर सांगायचं नाही. आईच्या डोक्याची शपथ घे."

रिफअत म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. कुवेतमध्ये असायचा. अब्ला म्हणजे बाई, आणि अब्ला म्हणजे थोरली बहीणही. गावभर मुली त्यांना अब्ला म्हणत, आणि तोही. अब्लांचं लग्न झालं नव्हतं. वरचा मजला त्याचा होता, कुलूप लावलेला. तो असता तर त्याने त्यांना उचलून दवाखान्यात नेलं असतं.

शाहिन्दाने शपथ घेतली.

चित्रीकरण अब्लांच्या घरी सुरू झालं. उन्हात फुगवायच्या भाकरीचे गोळे ज्या फळीवर ठेवतात ती फळी त्यांनी दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवी टाकली. तिला सुताराकडून एक भोक पाडून आणलं. भोकावर फोन पालथा ठेवायचा, खाली बुटक्या गोल टेबलावर कागद. चेहरा दिसायचा नाही, फक्त हात. तशीच अब्लांची इच्छा होती. "चेहरा पाहून कोणाला भूमिती आलीय?"

पहिल्या दिवशी कागदावर त्यांच्याच डोक्याची सावली पडली. दुसऱ्या दिवशी सावली नव्हती, पण बटाटेवाल्याची गाडी भोंगा लावून थेट जीवेच्या मध्यबिंदूवरून गेली. मग बांग. मग शेजारची कोंबडी. अब्ला दर वेळी तेवढ्याच शांतपणे म्हणायच्या, "पुन्हा." वर्गातही तसंच म्हणायच्या.

तुकडे तयार झाले की ते जोडायला त्या स्टुडिओत यायच्या. शाहिन्दाने एकदा दाखवलं. "ही पट्टी. तिच्यावर तुकडे ओळीने मांडायचे. बास."

"बास? मग माझं मी करते. तू जा, तुझी नवरी घे."

पहिला धडा त्यांनी एकटीने मांडला. बघायला शेजारची बस्मला आली होती. यंदा परीक्षेला बसणारी, तोंडाने फटकळ. शाहिन्दाने व्हिडिओ सुरू केला. पडद्यावर अब्लांचा हात आला, दोन रेघा ओढल्या, झटकला. आवाज आला, "हेच सिद्ध करायचे होते." मग शेवटची पायरी आली. मग तिच्या आधीची. सगळ्यात शेवटी अब्ला म्हणाल्या, "अस्सलामु अलैकुम मुलींनो, आज एक नवं प्रमेय."

बस्मला पोट धरून हसली. "सिद्ध झालंच ना, अब्ला? मग मी जाऊ घरी?"

शाहिन्दाने पट्टी पाहिली. अब्लांनी तुकडे उजवीकडून डावीकडे मांडले होते. अरबी ओळ लिहावी तसे. समीकरण मांडावं तसे. त्यांचा हात आयुष्यभर फळ्याच्या उजव्या टोकापासून निघाला होता.

"या यंत्राला लिहायला कोणी शिकवलं?" अब्ला म्हणाल्या. "उलटं चालतंय."

"ते असंच असतं, अब्ला. डावीकडून."

"मला सांगू नकोस, माझ्या हाताला सांग."

हाताने काही ऐकलं नाही. शेवटी, सुरुवात कुठून ते लक्षात राहावं म्हणून, त्यांनी यंत्राच्या पडद्याच्या डाव्या कडेला लाल लोकरीचा धागा चिकटवला. तरीही थकल्या की हात उजवीकडे जायचा. मग शाहिन्दा तुकडे फिरवून ठेवायची.

हिवाळ्यात दोघींना सवय झाली. पडद्याआड दोन खुर्च्या, दोन यंत्रं. एका यंत्रावर झगमगत्या बायका नाचतायत, दुसऱ्यावर एक हात कोन मोजतोय. धडा शाहिन्दा नेटवर चढवायची, त्याची लिंक मुलींच्या फोनवर जायची, मुलींकडून मावसबहिणींच्या, नदीपलीकडच्या खेड्यांत. अनोळखी मुलींचे निरोप यायचे. अब्ला प्रत्येकीला उत्तर द्यायच्या. तेही विचारूनच: कुठे अडलीस?

एक दिवस शाहिन्दा एका लग्नातल्या म्हातारीचा आवाज साफ करत होती. आजीबाईने आनंदाने जीभ हलवून लांब आरोळी दिली होती आणि ती मध्येच फाटली होती. शाहिन्दाने खरखर काढली, वरचा सूर भरला. आरोळी सलग झाली, तरण्या मुलीची वाटावी इतकी.

अब्लांचे हात थांबले.

"आवाजावरचाही फोड घालवता येतो?"

"थोडा."

"दाखव."

त्यांनी ते एका बैठकीत उचललं. कुठली कळ खरखर कमी करते, कुठली आवाज जाड करते, खोकला कुठून कुठपर्यंत कापायचा. इतकी हुशार विद्यार्थिनी शाहिन्दाला कधी मिळणार नव्हती. त्या दिवसानंतर त्यांनी आवाजाला शाहिन्दाचा हात लावू दिला नाही. "हे माझं मी करते." कानांवर हेडफोन घालून बसायच्या आणि आवाज तासन्‌तास घासायच्या. धडे ऐकणाऱ्या मुलींना वाटायचं, अब्ला बऱ्या होतायत.

शाहिन्दाला शेजारच्या पडद्यावर दिसायचं. पट्टीवर आवाजाची रेघ उमटते. शरद ऋतूतल्या धड्यांत ती डोंगरासारखी होती. आता ती सपाट होत चालली होती. एका वाक्यासाठी चार ठिकाणी कापलेलं.

मग रिफअतला कोणीतरी कळवलं. अखमीममध्ये गोष्ट लपून राहत नाही. सोमवारी त्याचा फोन आला. अब्लांनी उचलला नाही. दोन धडे पाठवले, आणि त्यांच्याखाली एक छोटा तुकडा, सकाळी काढा पिऊन म्हटलेला आणि दुपारभर घासलेला: "रिफअत, माझ्या राजा, मी उत्तम आहे. वर्गात आहे, फोन घेता येत नाही."

त्याचं उत्तर आलं. त्याचा आवाज मोठा, हसरा. पडद्याआड दोघींनी ऐकलं. "काय झालंय म्हणतात हिला? रेडिओवरची बाई बोलतेय! अब्ला, लोकांचं ऐकू नकोस. डॉक्टर लोक घाबरवतात. मी ईदला येतोय, तेव्हा बघू."

अब्लांनी फोन पालथा ठेवला. "बघ. ईदपर्यंत वेळ मिळाला."

शाहिन्दाला तेव्हा भीती वाटली. तिने त्या दिवशीचा धडा उघडला, घासलेलं सगळं काढून टाकलं आणि मूळ आवाज मोठ्याने लावला. खोलीत श्वास घुसमटल्यासारखा एक आवाज भरला. शब्द कळत नव्हते. पडद्यापलीकडे रागिबमामाने आपलं काम थांबवलं.

"ऐका, अब्ला. तुम्हीच ऐका."

अब्लांनी शेवटपर्यंत ऐकलं. चष्मा डोक्यावरून काढला, पुसला, पुन्हा डोक्यावर ठेवला.

"या बाईचं काही खरं नाही," त्या म्हणाल्या. "तिला सांग, घाई कर."

"मी रिफअतकाकांना फोन करते."

"शपथ घेतलीयेस."

"शपथ मोडते."

"मोड. मग पुढच्या मंगळवारी मला उचलून नेतील, आणि स्पर्शिका तू शिकव." जरा थांबून त्या म्हणाल्या, "अगं पोरी, माझ्याकडे दुसरं काय आहे? नवरा नाही, मूल नाही. आवाज जाणारच आहे. ऑपरेशन केलं तरी जाणार, नाही केलं तरी जाणार. मग कुठे ठेवून जायचा ते तरी मला ठरवू दे."

उत्तरं शाहिन्दाला नंतर पुष्कळ सुचली. ऑपरेशन केलं तर तुम्ही राहाल, हे सगळ्यात साधं उत्तर होतं. तेच तिच्या तोंडून निघालं नाही.

तिने फोन केला नाही.

रिफअत ईदच्या आदल्या दिवशी आला. शाहिन्दा तेव्हा तिथेच होती, फळीवरचा फोन काढत. दार वाजलं. अब्लांनी सवयीने विचारलं, "किती जणी?" ओठ हलले. आवाज आला तो कापड फाडल्यासारखा.

रिफअत दारात उभा राहिला, हातात पेटी. त्याने आत डोकावून पाहिलं. "अब्ला कुठेय?" त्याने विचारलं. मग त्याला कळलं.

ईदच्या दिवशी लोक नवे कपडे घालून एकमेकांकडे जात होते, तेव्हा रिफअतने बहिणीला अस्यूतच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं. आधी का आणलं नाही, असं त्यांनी रिफअतला विचारलं. त्याने खिशातला फोन काढून त्यांना धडा ऐकवला. "हे पाहा, परवापर्यंत अशी बोलत होती." डॉक्टरांनी ऐकलं आणि फोन परत दिला. आता कापण्यासारखं काही राहिलं नव्हतं. सगळीकडे पसरलं होतं.

घरी आल्यावर अब्ला पाटीवर लिहून बोलू लागल्या. पाटी मुलींनी आणून दिली. एकच धडा राहिला होता, पुस्तकातला शेवटचा: स्पर्शिका आणि जीवा यांच्यामधला कोन. त्याचे तुकडे त्यांनी कधी घेतले ते शाहिन्दाला माहीत नव्हतं. रिफअत बाजारात गेला की बस्मला फळी धरायची, एवढं तिला पुढे कळलं. तुकडे शाहिन्दाकडे आले. अब्ला पलंगावरून उठून एकदाच स्टुडिओत आल्या, रिफअतच्या हाताला धरून. यंत्रासमोर बसल्या. तो पडद्याबाहेर उभा राहिला. त्यांनी होते तेवढे तुकडे मांडले, मग मान मागे टाकून डोळे मिटले.

"पुढच्या वेळी," शाहिन्दा म्हणाली.

अब्लांनी पाटी ओढली. लिहिलं: शेवटची ओळ घ्यायची आहे. आज जमलं नाही.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात त्या गेल्या.

गल्लीत तंबू लागला. पुरुष बाहेर बसले, बायका आत. शाहिन्दा बिनसाखरेच्या कॉफीचे पेले फिरवत होती. मयतीच्या घराभोवती कोणी टीव्ही लावत नाही, गाणं लावत नाही, सगळी गल्ली शोक पाळते. बाहेर तंबूत कुराण वाचणारा पाणी प्यायला थांबला. त्या शांततेत शेजारच्या वरच्या खिडकीतून आवाज आला. स्वच्छ, जाड, तरणा.

"पक्ष: चौकोन चक्रीय आहे. साध्य: संमुख कोनांची बेरीज दोन काटकोन."

बायकांचं रडणं थांबलं. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. शाहिन्दा दाराशी गेली. रिफअत उभा होता, मान वर करून. बस्मलाची आई वरून घाईघाईने बोलत होती, "माफ करा हो, रिफअत, पोरीची परीक्षा आहे, हिला अक्कल नाही, बंद कर गं, मेले, बंद कर!" आवाज वाक्याच्या मध्यावर तुटला. कुराण पुन्हा सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी तंबू निघाला. रिफअत स्टुडिओत आला. पडद्याबाहेरूनच बोलला.

"शाहिन्दा, ते सगळं काढून टाक."

"मुलींची परीक्षा आहे, काका."

"मुलींचं मला सांगू नकोस. त्या आवाजाने मला फसवलं. मी तिकडे मित्रांना ऐकवायचो. माझी बहीण म्हणायचो." त्याने पडद्याची कड धरली. "तिचा खरा आवाज आहे तुझ्याकडे? शेवटचा? न घासलेला?"

शाहिन्दाने यंत्रात पाहिलं. अब्ला नीटनेटक्या होत्या. काम झालं की मूळ तुकडे पुसून टाकायच्या, फळा पुसावा तसे. शेवटचा धडा तिने उघडला नाही, तोही घासलेलाच असेल असं तिने धरलं. "नाही," ती म्हणाली.

"म्हणजे काहीच नाही."

रागिबमामाने त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही. "परीक्षा झाल्यावर काढ," म्हणाला आणि गेला. कुवेतला जाण्याआधी त्याने खालच्या मजल्यालाही कुलूप लावलं.

मुलींनी परीक्षा दिली. वर्तुळावरचा मोठा प्रश्न शेवटच्या धड्यातून आला. बस्मला घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली. पायऱ्या तिला आठवल्या होत्या, फळी धरताना पाहिलेल्या, पण पुढे काय लिहायचं ते आलं नाही. रिफअतने सांगितलं होतं त्याप्रमाणे त्या दिवशी शाहिन्दाने धडे एकेक करून काढले. नदीपलीकडच्या कोणा मुलीचा निरोप येऊन पडला होता: अब्ला, दिसत नाहीये, कुठे गेलं? तिला काय लिहावं हे साहित्य शिकूनही शाहिन्दाला कळलं नाही.

एक धडा मात्र काढायची गरज नव्हती, कारण तो कधी बाहेर गेलाच नव्हता. तिने तो उघडला. लाल धागा अजून यंत्राच्या पडद्याच्या कडेला होता. अब्लांच्या हाताने शेवटी त्याचं ऐकलं नव्हतं. तुकडे उजवीकडून मांडलेले होते. तिने तसंच सुरू केलं. आधी अंधार आला. मग न कळणारी फुसफुस, कारण हा आवाज घासायला त्यांना वेळ मिळाला नव्हता. मग जरा बरा. मग आणखी बरा. शेवटी, जिथे त्यांनी सुरुवात केली होती, तिथे "अस्सलामु अलैकुम मुलींनो" हे जवळजवळ ऐकू आलं.

रिफअतने मागितलेला आवाज हाच होता. तिने फोन हातात घेतला, मग ठेवला.

तिने तुकडे फिरवले. पक्ष. साध्य. सिद्धता. पायऱ्या नीट उतरत आल्या, आवाज खाली खाली गेला. शेवटच्या पायरीनंतर पट्टी रिकामी होती.

ती ओळ तिच्याकडे होती. साऱ्या धड्यांच्या शेवटी होती. पहिल्या धड्यातली तिने कापून घेतली आणि रिकाम्या जागी ठेवली. सुरू केलं. कुजबुजत्या बाईच्या मागोमाग एक ठणठणीत बाई येऊन म्हणाली, हेच सिद्ध करायचे होते. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या.

शाहिन्दाने ती ओळ पुसली.

यंत्राच्या पडद्यावर कागद राहिला, शेवटच्या पायरीपर्यंत लिहिलेला, आणि त्याच्यावर अब्लांचा हात. पेन टेकलेलं. दोन रेघा ओढायच्या होत्या.